ॲसिटोनने न गेलेला ठिपका

ही गोष्ट खरी आहे. अनीशचा भुताखेतांवर इतका अविश्वास, की खोटी रचायची म्हटली तरी त्याला जमली नसती.

घडली इंदूरला, छत्रीबागेतल्या त्याच्या घरी, गेल्या खंडेनवमीच्या भर दुपारी.

अनीशचे वडील, अण्णा, आदल्या वर्षीच गेले. इंदूरच्याच पलासिया भागात जन्मभर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. त्यांचा स्वतःचा जुना कॉम्प्युटर मात्र घरात बंद पडला होता. प्रोसेसर जळालेला. आईने सांगून टाकलं होतं, आज चालू झाला तर ठीक, नाहीतर दसरा झाला की कबाडीवाल्याला.

म्हणून अनीशने त्या काळातल्या चार प्रोसेसर चिप मागवल्या. विकणाऱ्याच्या मते एकदम अस्सल.

अनीशने कापूस ॲसिटोनमध्ये बुडवला. खऱ्या चिपची छपाई ॲसिटोनने पुसली जात नाही.

पहिली पुसली. कापूस काळा. भलत्याच चिपला रंग फासून वर नवं नाव छापलेलं.

दुसरी. काळा.

तिसरीवरची तारीख तर कंपनीने ती चिप काढायच्या आधीची.

अनीशने फोन लावला. विकणारा शांतपणे म्हणाला, "भिया, इतना रगडोगे तो भगवान का भी रंग उतर जाएगा."

उरली एक.

पुसली. नाव गेलं, काळा रंग गेला…

खाली कुंकवाचा ठिपका होता.

ओला.

दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत अण्णा आपल्या प्रत्येक चिपला असाच ठिपका लावायचे.

अनीशने खसाखसा घासलं. कापूस पांढराच.

टेस्टरमध्ये घातली. फेल.

वैतागून त्याने ती तशीच कॉम्प्युटरमध्ये कोंबली…

बीप.

पडद्यावर कर्सर लुकलुकू लागला.

स्वयंपाकघरातून आई सवयीने म्हणाली, "अहो, आधी जेवून घ्या. ते कुठे पळून जातंय?"

मग भांड्यांचा आवाज थांबला.

अनीशला पुरावा हवा होता. त्याने चिप उपटली. आता पडदा विझायलाच हवा.

कर्सर लुकलुकतच राहिला…

आणि मागे कुणीतरी घसा खाकरला.

कामात कोणी हात घातला की अण्णा खाकरायचे, तसा.

अनीशने चिप मुकाट्याने परत बसवली.

दसऱ्यानंतर कबाडीवाला आला. आईने त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

"नहीं देना है, भैया," ती म्हणाली. "उनका काम चालू है."

चिप असली की नकली, हे अनीशला अजून सांगता येत नाही. पण त्याचा खरा वैताग वेगळाच आहे.

कुंकू अजून सुकलेलं नाही…