पलंग चार बोटं वर

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी, मी कोणाच्या पाठीमागे लागणार नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. सोमवारची दुपार होती. घड्याळात दोन वाजत होते आणि खिडकीतून भरपूर ऊन आत येत होतं. भुतं रात्रीच येतात असं म्हणणाऱ्यांनी कधी दिवसपाळी केलेली नसते.

मी घरोघरी जाऊन आजारी माणसांचं करायची. सत्तावीस वर्षं केलं. नर्सिंग ब्युरो पत्ता द्यायचा, मी जायची. सकाळी आठ ते रात्री आठ.

तेव्हा मला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढे ते कामाला येणार आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पेशंट म्हणजे एक आजी. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. डोळे तेवढे जिवंत. माकडहाडावर तळहाताएवढी जखम, नुकती कुठे भरायला लागलेली. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. एक वेळ चुकली तर कातडी लाल होते. चार वेळा चुकली तर फाटते. या जखमांनी माणसं जातात, मी पाहिलेली आहेत.

घरात आजींचा मुलगा आणि सून. मुलाला मी साहेब म्हणायची, सुनेला मॅडम. पहिल्या दिवशी मॅडमनी मला चहा दिला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आता घरच्याच."

हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. घरचं म्हटलं की मागून भांडी येतात.

आलीच. आधी म्हणे जरा एवढे कप विसळून टाका. मग भाजी. मग कपड्यांच्या घड्या. मी दरवेळी हसून सांगायची, मॅडम, माझं काम आजींपुरतं. त्यांना ते लागायचं. म्हणायच्या, आधीची बाई सगळं करायची, तोंडातून शब्द नाही काढायची. आणि दुसऱ्याच श्वासात म्हणायच्या, तिच्याच हलगर्जीपणाने आजींना ही जखम झाली, म्हणून तक्रार करून तिला काढली; त्यानंतर सहा-सात महिने एकही बाई टिकली नाही.

सगळं करायची आणि हलगर्जीही होती. मी म्हटलं, असेल बाई.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकत होती.

आजी माझ्याकडे बघायच्या नाहीत.

मी समोर उभी राहिले की त्या बघायच्या… माझ्या डोक्याच्या वर. हातभर वर. तिथे कोणाचा तरी चेहरा असावा तसं.

मी बुटकी आहे. चार फूट आठ इंच. मागे वळून बघायची तर नुसती भिंत.

आता पलंगाचं सांगते. तो दवाखान्यात असतो तसा होता. पायथ्याशी तीन हँडल. एकाने डोकं वर होतं, एकाने गुडघे, आणि तिसऱ्याने अख्खा पलंग वर-खाली होतो. आमच्या कामात प्रत्येकीची पलंगाची उंची ठरलेली असते. पलंग कंबरेला आला पाहिजे, नाहीतर उचलून उचलून पाठ जाते. मी तो माझ्या कंबरेला आणून ठेवला होता, अगदी खाली. तिसरं हँडल फिरवताना आवाज करायचं.

कर्र… कर्र…

अकराव्या दिवशी, शनिवारी, त्यांच्याकडे संध्याकाळी पाहुणे येणार होते. साहेब सामान आणायला बाहेर गेले होते. पावणेदोनला मॅडम दारात आल्या. म्हणाल्या, पाचच मिनिटं या, माझे दोनच हात आहेत.

मी गेले. चूक माझी. बोट दिलं की हात जातो हे मला वीस वर्षं ठाऊक होतं, तरी गेले.

भाजी चिरली. मग ताटं पुसली. मग ओटा.

तेवढ्यात आतून आवाज आला…

कर्र… कर्र…

मी मॅडमकडे पाहिलं. त्या नळाखाली काहीतरी धूत होत्या. म्हणाल्या, शेजारी काहीतरी सरकवत असतील.

मी घड्याळ पाहिलं. दोन पंचवीस.

हातातलं फडकं टाकून धावले.

आजींना मी बाराला उजव्या कुशीवर ठेवलं होतं. आता त्या डाव्या कुशीवर होत्या. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचांखाली टॉवेलची गुंडाळी, टाचा अधांतरी, अगदी नेमक्या. पाठीशी लोड.

आणि पलंग वर आला होता.

मी कंबरेला हात लावून मोजलं. चार बोटं.

बाहेरच्या दाराला आतून साखळी होती. घरात मी, मॅडम आणि आजी. बस.

संध्याकाळपर्यंत मी स्वतःची समजूत घातली. मीच कूस बदलली असेल, मीच हँडल फिरवलं असेल, वय झालं. पण निघताना राहवलं नाही. मॅडमना विचारलं, आधीची बाई दिसायला कशी होती?

"उंच," त्या म्हणाल्या. "पंख्याची पाती उभ्या उभ्या पुसायची. स्टूल लागायचं नाही."

 एवढी उंच बाई आमच्या ब्युरोत एकच होती. सगळ्या तिला शिडी म्हणायच्या.

मी तिला ओळखत होते. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी एकच पेशंट सांभाळला होता, ती रात्रपाळीला, मी दिवसाला. रोज सकाळी आमचं त्या पलंगावरून वाजायचं. मी म्हणायची, शिडे, पलंग आभाळाला टांगलास का? ती म्हणायची, "बुटके, तू तो जमिनीत पुरतेस त्याचं काय?" मी फारच ओरडले की पलंग खाली करायची. पण एक बोट वरच ठेवायची. "तेवढा माझा मान राहू दे," म्हणायची आणि पिशवी उचलून निघायची.

कूस बदलण्यात तिचा हात धरणारी दुसरी नव्हती. टाचा अधांतरी ठेवायला मला तिनेच शिकवलं. तिच्या हाताखाली पेशंटला जखम होईल हे कोणी देवाशपथ सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं.

वाटलं, उद्या-परवा तिला शोधून विचारावं, तुझ्याकडे या घराची किल्ली आहे का गं.

साखळीला किल्ली नसते, हे मला घरी पोचल्यावर सुचलं.

सोमवार उजाडला.

दोनला पाच मिनिटं कमी असताना मॅडम पुन्हा दारात. आज इस्त्री. मी म्हटलं, दोन वाजता आजींची कूस बदलायची आहे. त्या म्हणाल्या, दहा मिनिटांनी काय फरक पडतो. मी म्हटलं, पडतो. आजींना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी मला हाताला धरून बाहेर घेतलं आणि खोलीचं दार ओढलं. अरुंद पॅसेज, दोघी समोरासमोर.

"आम्ही तुम्हाला घरच्यासारखं वागवलं," मॅडम म्हणाल्या.

"मी घरची नाही, मॅडम. आजींच्या कामाची आहे. घरचं काम घरच्यांनी करावं."

"मग आधीच्या बाईसारखी तुमचीही तक्रार जाईल."

"जाऊ द्या. पण त्यात लिहा की दोन वाजता तुम्ही मला दाराबाहेर उभं केलं होतं."

त्यांनी माझा हात सोडला नाही. 

आजींच्या गादीला हवेचा पंप होता. दिवसभर त्याची घुरघुर चालायची, इतकी की ती ऐकू येईनाशी व्हायची.

ती घुरघुर थांबली…

आणि मग, बंद दाराच्या आत…

कर्र…

कर्र…

कर्र…

थांबेचना. मी मनात मोजत होते. चार बोटांना सहा फेरे लागतात. मी वीसपर्यंत मोजले.

मॅडमच्या हाताची पकड माझ्या मनगटावर आवळली. "आत कोण आहे?"

"मला काय विचारता? मी तर तुमच्यापुढे उभी आहे."

दार मी उघडलं. त्या उघडणार नव्हत्या.

खोलीत कोणी नव्हतं. खिडकीच्या गजातून ऊन आडवं पडलं होतं. पंपाची वायर जागच्या जागी होती. पलंग जेवढा वर जाऊ शकतो तेवढा वर गेला होता, माझ्या छातीपर्यंत. आजी डाव्या कुशीवर. गुडघ्यांत उशी. टाचा अधांतरी.

आजी वर बघत होत्या, हातभर वर… आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसत होत्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

 पलंग एवढा वर आला म्हणून मला एक गोष्ट दिसली. एरवी पलंग खाली असताना ती कोणालाही दिसली नसती. गादी आणि खालच्या पट्ट्या यांच्या मध्ये, माझ्या छातीच्या उंचीला, कागद खोचलेले होते.

मी ओढून काढले. कूस बदलल्याच्या नोंदीचे तक्ते. ओळीने बरोबरच्या खुणा, आणि मध्ये मध्ये रिकामे चौकोन. प्रत्येक रिकाम्या चौकोनापुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. काय, ते मला वाचता येईना.

मॅडमनी माझ्या खांद्यावरून वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, काही नाही, जुने कागद आहेत, द्या इकडे.

"काही नसेल तर मोठ्याने वाचा," मी म्हटलं.

 त्यांनी कागदाला हात घातला. मी सोडला नाही. कोपरा फाटून त्यांच्या हातात गेला, बाकीचं माझ्या ॲप्रनच्या खिशात. मग मी पलंग माझ्या उंचीला आणला, आजींची पाठ पुसली, मलम लावलं आणि आठ वाजेपर्यंत माझी ड्युटी पूर्ण केली. त्या दिवशी मॅडम खोलीकडे फिरकल्या नाहीत.

तिथून उठून तडक ब्युरोच्या बाईंच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. "दुपारी दोन. स्वयंपाकघरात बोलावलं. कूस बदलता आली नाही." खाली पुन्हा तेच. "पंखे पुसायला लावले." "पाहुणे होते, सोडलं नाही." एकतीस चौकोन, एकतीस कारणं. तारखेसकट.

मी म्हटलं, शिडीला बोलवा. तिच्यासमोर रजिस्टरमधला तिचा हलगर्जीपणाचा शेरा खोडा.

ब्युरोच्या बाईंनी चष्मा काढला. "तुला कोणी सांगितलं नाही का? ती जाऊन चार महिने झाले."

काम गेल्यावर तिलाही अर्धांगाचा झटका आला होता. एकटीच राहायची. शेजारीण दिवसातून एकदा डोकावायची. दोन महिने एकाच कुशीवर पडून होती. कूस बदलायला कोणी नव्हतं.



मी म्हटलं, तरी खोडा. बाई म्हणाल्या, आता कोणाला उपयोग. मी म्हटलं, उपयोग विचारला नाही मी, खोडा. त्यांनी रजिस्टर काढलं आणि तिच्या नावापुढची ओळ माझ्या डोळ्यांदेखत खोडली. मी दोनदा खोडायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी त्याच घरी हजर. मॅडमनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. त्यानंतर त्या घरात मला कोणी घरची म्हटलं नाही. चार महिन्यांत जखम पूर्ण भरली. पलंग माझ्या उंचीवरून एकदाही हलला नाही. आजी मात्र शेवटपर्यंत माझ्या डोक्यावरून बघत राहिल्या.

त्याच वर्षी मी अक्षरं गिरवायला बसले. साठीला दोन वर्षं कमी होती. पुन्हा कोणाच्या तोंडाकडे बघत कागद हातात धरायचा नाही, एवढंच ठरवलं होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

आता मी लेकीकडे असते. काम सोडलं. गुडघे गेलेत. माझी खाट साधी, लाकडी. तिला हँडल नाही, चाकं नाहीत.

गेल्या महिन्यात दुपारी डोळा लागला होता. लेक कामावर. दाराची कडी मी स्वतः आतून लावलेली.

जाग आली ती आवाजाने…

कर्र…

मी डाव्या कुशीवर होते. मी डाव्या कुशीवर कधी झोपत नाही, छातीत धडधडतं. गुडघ्यांच्या मध्ये उशी होती. टाचांखाली टॉवेलची गुंडाळी.

उठून बसले. पाय खाली सोडले…

जमिनीला टेकले नाहीत.

समोर पाहिलं. कोणी नव्हतं. मग, का कोण जाणे, मान वर केली. हातभर वर. आणि तिथेच बघत म्हटलं:

"शिडे, माझी कूस अजून मी बदलते. मला लागेल तेव्हा मी सांगेन. न विचारता पेशंटला हात लावायचा नाही, हे तूच शिकवलंस."



मग कर्र… कर्र…

खाट खाली आली.

पण पुरती नाही. मी रोज सकाळी उतरताना बोटं लावून मोजते. अजून एक बोट वरच आहे.