चौऱ्याऐंशीची नाडी

गॅनिमीडच्या बर्फाखाली सूर्य दिसत नाही. मूळघड्याळ म्हणेल ती सकाळ, ते म्हणेल ती रात्र. वसाहतीतली दोनशे माणसं त्याच्यावरच उठत, जेवत, निजत. डॉ. ऊर्मिला खानोलकर ज्याची नाडी बघत, त्याची गेलं वर्षभर मिनिटाला चौऱ्याऐंशी भरे. पुरवठायान लांबलंय, माणसं धास्तावलीत, असं त्यांनी ठरवून टाकलं. एवढ्या शिकलेल्या बाईला शंका येऊ नये, कमाल आहे!

गरोदर वृंदाला चौतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या.

"ताई, एवढ्यात कसं हो? अजून दीड महिना आहे!"

"घाबरू नकोस. थांबवू आपण."

डॉक्टरांनी कळारोधक सुरू केलं. बाळ जरा मोठं वाटत होतं, पण आईची साखर वाढली असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. वृंदा रोज विचारायची, "राहील ना आत?" तीन आठवडे राहिलं. मग त्याचे ठोके थांबले.

डॉक्टरांनी बाळ हातात घेऊन निरखलं. कातडी सोलवटलेली, नखं बोटांच्या पुढे गेलेली. हे दिवस उलटून गेलेलं मूल होतं. त्या तशाच कालाधिकारी शिरोळ्यांच्या खोलीत शिरल्या.

"घड्याळाला काय केलंत?"

शिरोळ्यांनी मान खाली घातली. "सेकंद लांबवला. वर्ष झालं. आपला दिवस आता खऱ्या अठ्ठावीस तासांचा आहे. यान येईपर्यंत शिधा पुरला नसता."

"मग शिधा कमी करायचा!"

"तसं सांगितलं असतं तर लोक एकमेकांच्या नरडीला लागले असते. दिवसाचा शिधा तेवढाच ठेवला, दिवस वाढवला. कुणी हूं की चूं केलं नाही."

"म्हणजे नाड्या बहात्तरच होत्या! आणि पोटातल्या बाळाला तुमचा दिवस कोण सांगणार होतं? तुमचा चौतिसावा आठवडा म्हणजे त्याचा चाळिसावा. पूर्ण दिवसांचं मूल मी आत कोंडून मारलं, शिरोळे!"

शिरोळे रडत होते. "यानाला अजून चार महिने आहेत. हे फुटलं तर त्याआधी इथे कुणी उरणार नाही. सांगणार आहात?"

डॉक्टर वृंदापाशी परतल्या. ती जागी होती.

"आणखी थोडे दिवस आत राहिलं असतं, तर वाचलं असतं ना हो, ताई?"

डॉक्टरांना तिच्याकडे बघवेना.

"हो गं," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस कमी पडले."

वृंदानं डोळे पुसले. "पुढच्या खेपेला ते औषध मला आधीपासूनच द्या."