मुठीजवळचा स्विच

दिवे गेले होते. भाचरं पांघरुणं ओढून बसली, तशी मामांनी खुर्ची पुढे घेतली.

“हे माझ्या दोस्ताचं. गॅरेजवाला होता. आम्ही त्याला फ्यूज म्हणायचो, जरा काही झालं की उडायचा! खोटं वाटलं तर कान झाका.”

फ्यूजने एका बाईकडून तिच्या वारलेल्या नवऱ्याची मोटारसायकल घेतली. हँडलच्या मुठी विजेवर तापणाऱ्या. चावी फिरवली की गरम व्हायच्या. बंद करायची सोयच नव्हती.

“आधी स्विच होता,” बाई म्हणाली. “ह्यांचा धाकटा भाऊ थंडीत तो लावायचा विसरला. हात बधिर झाले, ब्रेक दाबताच आला नाही... गेला. मग ह्यांनी स्विच उपटून टाकला. तेवढं तसंच राहू द्या.”

“वहिनी, उन्हाळ्यात माझे हात भाजून निघतील!” फ्यूज हसला. घरी येताच डाव्या मुठीजवळ त्याने नवा स्विच बसवला. दोन स्क्रू, कचकचून पिळलेले.

“अहो, ती नको म्हणाली होती ना?” बायकोने टोकलं.

“गाडी आता माझी आहे.”

डिसेंबरातला शेवटचा मंगळवार. रात्री साडेअकराला लेकीला दम लागला आणि घरातला दम्याचा पंप संपलेला. फ्यूज गाडी काढून दवाखान्याजवळच्या मेडिकलमध्ये गेला. नवा पंप जाकिटाच्या आतल्या खिशात टाकला, चेन गळ्यापर्यंत ओढली, हातमोजे चढवले आणि परत निघाला.

धावपळीत घाम फुटला होता. मुठी नकोशा झाल्या. त्याने अंगठ्याने स्विच बंद केला.

मुठी निवल्या नाहीत.

पुन्हा दाबला. उलट जास्तच तापल्या. ‘तार चिकटली असेल,’ असं म्हणत त्याने डावा हात उचलायला घेतला.

हात उचलला गेला नाही.

उजवाही नाही. बोटांवरून कुणीतरी बोटं आवळली होती. मागची सीट हळूच दबली. आरशात मात्र नुसता अंधार.

घराचं वळण आलं. त्याने हँडल वळवायचा प्रयत्न केला. हँडल हलेना. ब्रेक लागेना. गाडी सरळ पळत राहिली. खिडकीतला घरचा उजेड बाजूने गेला... मागे पडला... दिसेनासा झाला.

“कोण आहे?”

“सोड ना!”

छातीशी पंप टोचत होता. लेकीची घरघर कानात होती.

“दादा... पोरीला श्वास घेता येत नाहीये. औषध माझ्याकडे आहे...”

पकड तशीच.

“चुकलो, दादा. स्विच काढतो. उद्या उजाडताच.”

गाडीचा वेग उतरला. बोटं एकेक करून सैल झाली. सीट वर आली.

त्याने गाडी वळवली ती थेट दारात.

“अहो, कुठे अडकलात?” बायको दारातच रडत होती. त्याची बोटं वळेनात, म्हणून तिनेच गळ्यापासून चेन ओढली आणि पंप काढून लेकीच्या तोंडाला लावला. एक श्वास. दुसरा. पोरीचे ओठ हळूहळू लाल झाले.

मग बायकोने जाकीट खुंटीला अडकवलं. आतल्या खिशात काहीतरी वाजलं. तिने हात घालून ते बाहेर काढलं.

“आणि हे हो काय आणलंत?”

तिच्या तळव्यावर तो स्विच होता. दोन्ही स्क्रूंसकट. अजून गरम.