मोर्णा तळावरच्या बासष्ट गोळ्या

“माह्या पोरीचा तळ कोनं फोडला, तेवढं शोधून द्या,” वामनराव निलखन म्हणाले आणि पिशवीतून एक टॅब काढून टेबलावर ठेवला.

पौर्णिमा कुकडेनं तो सुरू केला. काळ्या आभाळात लोखंडाचे तुकडे तरंगत होते.

“हे काय हाये?” श्याममामांनी वाकून विचारलं. एसटीतली कंडक्टरकी संपवून मामा आता भाचीच्या अकोल्यातल्या डिटेक्टिव्ह ऑफिसात बसायचे.

“‘ध्रुवयान’ नावाचा खेळ हाये, मामा. अंतराळात तळ बांधायचा. आपापल्या घरी बसून सगळे एकाच तळावर खेळतात.”

वामनरावांचा पातूरजवळ फुलांचा मळा होता. त्यांची मुलगी करिश्मा तेवीस वर्षांची. अडीच वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात तिचे पाय लुळे पडले आणि उजव्या हाताची तीन बोटं वाकेनाशी झाली. गाडी तिचा मित्र गोपाल चालवत होता. त्याला खरचटलंही नाही. पुढे दोन वर्षं रोज संध्याकाळी पाचला करिश्मा, गोपाल आणि मैत्रीण अपेक्षा यांनी मिळून हा तळ उभा केला. त्याचं नाव त्यांनी नदीवरून ‘मोर्णा’ ठेवलं होतं. गेल्या मंगळवारी तो फुटला.

“पोलिसाईनं हसून वापस पाठवलं,” वामनराव म्हणाले. “चार दिवस झाले, पोरगी बोलून नाई राहिली. जेवन तर नावालेच.”

“मंगळवारी पाचला ती कुठं होती?”

“खोलीत. मी मळ्यात होतो. सहाले आलो तवा भिंतीकडे तोंड करून पडली होती.”

पौर्णिमानं खेळाची नोंद वाचली. “गोळ्या करिश्माच्याच नावानं झाडल्या हायेत.”

“तिचा पासवर्ड त्या दोघाईलेबी माहीत हाये. सोताच्या हातानं बांधलेलं ती कशाले फोडीन?”

वामनराव गेल्यावर मामा म्हणाले, “मले तर काहीच समजलं नाई.”

“दोन पद्धती असतात, मामा. एक सहकार. त्यात सोबत्याची गोळी कोणाला लागत नाही, आपला तळही फुटत नाही. दुसरी सामना. त्यात सगळंच फुटतं. हा तळ दोन वर्षं सहकारात होता. सोमवारी पाचला करिश्माच्या नावानं कोणीतरी ‘सामना’ मागितला.”

“अन् लगेच झाला?”

“नाही. पूर्ण एक दिवस तिघांच्याही पडद्यावर लाल पट्टी असते. तिघांपैकी कोणीही एकदा ‘नको’ दाबलं, की मागणी रद्द. कोणीच दाबलं नाही. मंगळवारी पाच वाजून पाच मिनिटांनी पहिली गोळी, पाच पंचावन्नला शेवटची. एकूण बासष्ट.” तिनं नोंद वर सरकवली. “आणि त्याआधी त्याच नावानं तळातली दोन यानं बाहेर, सुरक्षित जागी नेऊन ठेवली. गोपालचं आणि अपेक्षाचं. करिश्माचं यान आतच होतं. तळासोबत तेही गेलं.”

मामांचे डोळे बारीक झाले. “मग सरळच हाये. त्या दोघाईनं मिळून केलं.”

पौर्णिमानं गाडीची चावी उचलली.

गोपाल अकोटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये सुपरवायझर होता. केसांत कापसाचे तंतू घेऊनच तो फाटकाबाहेर आला.

“लाल पट्टी पाहिली होती?” पौर्णिमानं विचारलं.

“पाहिली.”

“मग ‘नको’ काहून नाही दाबलं?”

“वाटलं, अपेक्षा दाबीन.” त्यानं नजर चुकवली. “मंगळवारी मोबाइलवर सूचना येत होत्या, तळावर हल्ला म्हणून. मी फोन उलटा ठेवला.”

“पन्नास मिनिटं?”

“हो.”

“तुला हा तळ फोडायला किती वेळ लागेल?”

“पाच मिनिटं. अपेक्षाले आठ-धा.” तो हाताची नखं पाहत राहिला. “मॅडम, त्या मंगळवारापर्यंत दोन वर्षांत एक दिवस नाई चुकवला मी. सेकंड शिफ्ट नाई घेतली, बहिणीच्या हळदीतूनबी पाचले उठून गेलो. दवाखान्यात वामनकाकाले शब्द देल्ला होता.”

“कोणता शब्द?”

“ते काकालेच इचारा,” म्हणून तो आत गेला.

गाडीत बसताना मामा म्हणाले, “याचाच हात दिसते. कंटाळला होता पोरगा.”

“कंटाळला होता, हे खरं.”

अपेक्षा अमरावतीला बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती पांढऱ्या कोटातच व्हरांड्यात आली. पट्टी तिनंही पाहिली होती. ‘नको’ तिनंही दाबलं नव्हतं.

“गोपाल दाबेल असं वाटलं?” पौर्णिमानं विचारलं.

“नाही,” अपेक्षा म्हणाली. “कोणीच दाबू नये असं वाटलं.” मग तिला राहवेना. “अपघाताच्या दिवशी गोपालच्या गाडीवर मी जाणार होते. माझं डोकं दुखत होतं म्हणून करिश्माला पाठवलं. आता कुठल्या तोंडानं सांगू, की मला संध्याकाळी दुसरं काही करायचं आहे?”

“तुम्ही तिघं एकमेकांविरुद्ध कधी खेळलात?”

“मागच्या महिन्यात एकदा. करिश्माच मागं लागली होती. दुसऱ्या मैदानावर, सामना पद्धतीनं. दोन्ही डाव तीच जिंकली.”

“बोटं वाकत नसताना?”

अपेक्षाचा चेहरा उतरला. “आम्ही जिंकू दिलं. तिला कळलं नाही.”

“झालेला डाव पुन्हा पाहता येतो का या खेळात?”

“येतो,” अपेक्षा म्हणाली आणि पुढे बोलायची थांबली.

रविवारी सकाळी पौर्णिमानं सगळ्यांना पातूरला बोलावलं. करिश्मा पलंगावर उशीला टेकून बसली होती. गोपाल दाराशी उभा होता, अपेक्षा खुर्चीच्या टोकावर. वामनराव मुलीच्या पायाशी बसले.

“कोनं केलं?” त्यांनी विचारलं.

“सांगते. श्याममामांना वाटलं, या दोघांनी केलं. यानं यांचीच वाचली, पासवर्ड यांनाच माहीत. पण एकट्यानं केलं असतं तर त्यानं आपलंच यान वाचवलं असतं, दुसऱ्याचं कशाला? आणि दोघांनी मिळून केलं असतं तर पाच मिनिटांच्या कामाला पन्नास मिनिटं लागली नसती. बासष्ट गोळ्या, साधारण मिनिटाला एक. ज्याची बोटं चालतात तो असा खेळत नाही.”

पौर्णिमानं टॅबवर ती नोंद उघडून पलंगावर ठेवली.

“म्हणजे गोळ्या झाडणाऱ्याला या दोघांचं काही जाऊ द्यायचं नव्हतं. जाऊ द्यायचं होतं ते फक्त स्वतःचं. आणि त्याच्या हाताला प्रत्येक गोळीसाठी मिनिट लागत होतं. वामनराव, नोंदीत जे नाव आहे तेच खरं आहे. पासवर्ड कोणी चोरला नाही.”

“पोरी?” वामनराव करिश्माकडे वळले.

“मागच्या महिन्यातले डाव तिनं पुन्हा पाहिले असणार,” पौर्णिमा म्हणाली. “हे दोघं मुद्दाम कसे हरले ते तिला दिसलं. मग तिनं सामना मागितला आणि एक दिवस वाट पाहिली.”

पाच दिवसांनी करिश्मा पहिल्यांदा बोलली. आवाज बसलेला होता.

“मले पाह्याचं होतं, कोणी ‘नको’ म्हणते का. एकानं जरी म्हटलं असतं, तर मी समजली असती की याईले खरंच खेळायचं हाये. पूर्ण दिवस पट्टीकडे पाहत बसली मी.” तिनं न वाकणारी बोटं दुसऱ्या हातात धरली. “मग वाटलं, फोडता फोडता तरी कोणी येईन. सावकाशच फोडत होती. कोणी नाई आलं.”

अपेक्षानं तोंडावर हात घेतला. गोपाल भिंतीकडे पाहत म्हणाला, “मले वाटलं, सुटलो. सूचना येत होत्या अन् मले बरं वाटत होतं.”

“म्हणजे गुन्हेगार माही पोरगीच?” वामनरावांनी विचारलं.

“तळ तिनं फोडला. पण वामनराव, दवाखान्यात गोपालकडून तुम्ही कोणता शब्द घेतला होता?”

वामनरावांची मान खाली गेली. ते म्हणाले, “मी म्हटलं होतं, तुह्यामुळे माही पोरगी बसली. आता रोज संध्याकाळी तिच्यापाशी राह्यशीन. एक दिवस चुकला तर माह्या दारात उभा राहू नको.”

“बाबा,” करिश्मा इतकंच म्हणाली.

“तिच्यासाठीच म्हटलं होतं मी.”

“मले वाटत होतं, गोपाल सोताहून येते.”

वामनराव उठून गोपालसमोर गेले. “तुले मोकळं केलं मी आजपासून,” ते म्हणाले. त्यांचा हात पोराच्या खांद्यापर्यंत गेला आणि तसाच मागे आला. गोपालनं करिश्माकडे एकदा पाहिलं, काही न बोलता चपला घातल्या आणि तो स्टँडकडे चालू लागला.

अंगणात वामनरावांनी पौर्णिमाला थांबवलं. “हे मले एकट्यालेच सांगतलं असतं तर?”

“तर तुम्ही त्याच्याकडून परत शब्द घेतला असता.”

अकोला जवळ आलं. मामा म्हणाले, “बरोबर केलं का आपण?”

“माहीत नाही, मामा,” पौर्णिमा म्हणाली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

दोन आठवड्यांनी वामनरावांचा फोन आला. गोपाल आला नव्हता, त्याचा फोनही नव्हता. अपेक्षा मात्र सकाळच्या गाडीनं आली होती, खेळायला नाही, नुसतीच.

“अर्धा तास झाला, दोघी भांडून राहिल्या,” वामनराव दबक्या आवाजात म्हणाले. “त्या दिवशी काहून पाठवलं मले, म्हणते करिश्मा. अपेक्षाबी चढ्या आवाजात बोलते. अडीच वर्षांत माह्या पोरीशी कोणी असं बोललं नाई. मी आत जाऊ का?”

फोनमधून दोन मुलींचे आवाज ऐकू येत होते, एकमेकींना तोडत, मध्येच रडवेले होत.

“नका जाऊ,” पौर्णिमा म्हणाली.

“मग काय करू?”

“बाहेरच बसा.”

पलीकडे बाज करकरली. वामनराव बसले होते.