दुसऱ्या हाकेनंतर

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्याबरोबर घडली ती माझ्या तैवानी बायकोची मावसबहीण आहे, आणि महिन्यातून दोनदा तरी आमच्याकडे जेवायला असते. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ठरवून मोकळा झालोय.

जागा तैवानमधलं शिंचू शहर. महिना इथला सातवा, म्हणजे भुतांचा. आपल्या पितृपक्षासारखाच, फक्त इथले पितर जरा जास्त मोकळे सुटतात.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपारची होती.

तिचं नाव पेइ-शान. संगणकाच्या जाळ्याची वायर ज्या पोर्टात खुपसतात, त्याच्या मागे एक छोटी चिप असते. तिच्याशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिणं हे पेइ-शानचं काम. ड्रायव्हर विचारतो, वायरच्या पलीकडे कुणी आहे का? चिप सांगते, आहे किंवा नाही.

हा ड्रायव्हर मुळात कू-दादाचा. पेइ-शानला बोटाला धरून शिकवलं ते त्यानंच. हिवाळ्यात तो हृदयविकाराच्या झटक्यानं गेला आणि मागे एक कोडं ठेवून गेला. त्याचा ड्रायव्हर चिपला तोच प्रश्न तीनदा विचारायचा. मध्ये थांबून. दुसऱ्यानंतर सगळ्यात जास्त थांबून. तिन्ही वेळा 'आहे' आलं तरच खरं धरायचा.

का? कुणालाच माहीत नव्हतं.

आता हा ड्रायव्हर लिनक्स या जगभर चालणाऱ्या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये जायचा होता. तिथला तपासनीस, एक जर्मन माणूस, अडून बसला होता. बाकीचे एकदाच विचारतात, तुम्ही तीनदा का? कारण सांगा, नाहीतर काढून टाका. मुदत त्याच संध्याकाळपर्यंत होती.

चिप जाणार होती हॉस्पिटलात, खाटेशेजारच्या यंत्रांमध्ये. वायर निखळलेली असताना ती 'आहे' म्हणाली, तर इकडे माणूस जायचा आणि तिकडे नर्सच्या पडद्यावर सगळं आलबेल दिसायचं. आणि खाली सही पेइ-शानची, पूर्ण नावानं. कर्नलवाल्यांचा तसा नियमच आहे.

"काढ ती भानगड आणि सही कर," लिआव साहेब म्हणाले. "मेलेल्या माणसाला विचारायला जाणारेस का?"

साहेब खाली गेले. सगळी कंपनीच खाली निघाली होती. फाटकासमोर टेबलं मांडून भुतांना जेवण वाढायचं होतं.

शेवटी उठला तो त्सौ. कू-दादा गेल्यावर त्याचं टेबल यालाच मिळालं होतं, आणि कू-दादाचं कामही आपल्यालाच मिळेल अशी त्याची अटकळ होती. ते पेइ-शानला मिळालं.

"चला शान-ताई, उदबत्ती लावायला."

"मला सही करायचीय."

"पूर्ण नावानं? या महिन्यात? अहो, हाक मारतानासुद्धा पूर्ण नाव घेत नाहीत. ती मंडळी लक्षात ठेवतात."

"मग काय, टोपणनावानं करू? तो जर्मन चालवून घेईल?"

"त्याला काय भीती. भुतांना तिकडचा व्हिसा थोडाच मिळतोय."

"सकाळी माझ्या चिपच्या चाचणी-बोर्डाला हात कुणी लावला?"

"हात कशाला लावतोय. वरचं खाऊचं पाकीट बदललं फक्त. कू-दादा गेल्यापासून तेच होतं, तारीख उलटलेलं." यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे प्रत्येक यंत्रावर हिरवं पाकीट ठेवतात. "बरं झालं म्हणायचं सोडून संशयच घ्या तुम्ही."

तो हसत हसत गेला. पेइ-शानला ते हसणं काही बरं वाटलं नाही.

मजल्यावर ती एकटीच उरली. यंत्रांच्या पंख्यांची घरघर, आणि खालून येणारा मंत्रांचा आवाज.

तिनं तीन प्रश्नांचा एकच प्रश्न केला. ड्रायव्हर चालवला. सगळं ठीक होतं. मग खात्रीसाठी बोर्डाच्या पोर्टांतल्या सगळ्या वायरी उपटून पुन्हा चालवला.

नाही. नाही. नाही...

शेवटच्या पोर्टाचा हिरवा दिवा लागला.

पडद्यावर आलं, 'आहे'.

पोर्ट रिकामं होतं. तिनं बोट घालून पाहिलं.

त्सौ, तिच्या मनात आलं. दुसरा कोण? माझ्या सहीला काळं फासायला काहीतरी करून ठेवलंय मेल्यानं.

वायरीत विजेचा छोटा ठोका सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून टोक किती लांब आहे ते सांगायचं, हेही त्या चिपला येतं. रिकाम्या पोर्टात शून्य यायला हवं.

आलं बत्तीस मीटर.

तिनं रिळावरून तेवढी वायर मोजून कापली. एक टोक पोर्टापाशी अडकवलं आणि दुसरं धरून टेबलांमधल्या वाटेनं चालत सुटली. वायर ताणली गेली तिथे ती थांबली.

समोर त्सौचं टेबल होतं.

"सापडलास," ती म्हणाली. खाली वाकली, खण ओढले, खुर्ची सरकवली. धुळीशिवाय काही नव्हतं. मग खिडकीतून बघितलं, तर त्सौ खाली साहेबांच्या शेजारी उदबत्ती धरून उभा होता, सगळ्यांसमोर.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. हे टेबल त्सौचं झालं हिवाळ्यानंतर.

त्याआधी ते कू-दादाचं होतं.

ती आपल्या टेबलापाशी परत आली. कू-दादाचे तिन्ही प्रश्न तिनं जसेच्या तसे परत घातले.

पहिल्यांदा विचारलं. आहे.

दुसऱ्यांदा. आहे.

मग ते लांबलचक थांबणं... आणि तिसऱ्यांदा, नाही.

दिवा विझला.

त्याच आठवड्यात आमच्याकडे जेवताना मी तिला सहज सांगितलं होतं, की आमची आई म्हणते, अवेळी हाक आली तर लगेच ओ देऊ नये. जिवंत माणूस तिसऱ्यांदा हाक मारतोच. दुसरं जे असतं, ते दोनदाच मारतं.

तिला ते आठवलं आणि कोडं सुटलं. जागी होताना चिप कसल्याही थरथरीला ओ देते, खोटा होकार तिसऱ्या प्रश्नापर्यंत टिकत नाही. हे कारण तिनं साध्या शब्दांत लिहिलं. खाली स्वतःची सही केली. मूळ लिहिणाऱ्याचंही पूर्ण नाव द्यावं लागतं, म्हणून तेही टाइप केलं, आणि सवयीनं तोंडानं पुटपुटली.

कू वेन-लुंग.

पाठवून दिलं.

खालचे मंत्र थांबले. पंखे फिरत होते, पण त्यांची घरघर तिला ऐकू येईना.

वाटेच्या त्या टोकाकडून, टेबलाकडून...

"फान पेइ-शान."

पूर्ण नाव. या महिन्यात असं कुणी हाक मारत नाही. आणि मजल्यावर कुणी नव्हतंच. ओ अगदी ओठांवर आली होती. तिनं ती दाबली. मागे वळून पाहिलं नाही.

ती थांबली.

"फान पेइ-शान."

आवाज ओळखीचा होता. ती अजून थांबली, डोळे पडद्यावर, नखं तळहातात.

मग जिन्यावर पावलं वाजली, त्सौची टिंगल ऐकू आली, माणसं वर आली.

जर्मनानं कारण मान्य केलं. यंत्रं हॉस्पिटलांत लागली, तक्रार एकही नाही. लिआव साहेब ती सुधारणा आपणच सुचवल्याचं सांगत फिरतात.

पण पेइ-शान आता मागून आलेल्या हाकेला ओ देत नाही. माझी बायको स्वयंपाकघरातून हाक मारून दमते, ही ढिम्म बसून असते. परवा मीच विषय काढला.

"अगं, दोनच हाका आल्या ना? मग झालं. जे होतं ते गेलं."

तिनं वाडगा खाली ठेवला.

"दाजी, दुसऱ्यानंतर किती थांबायचं ते कू-दादानं चिपसाठी लिहून ठेवलंय. माझ्यासाठी नाही. तिसरी अजून यायची असेल."

आईला फोन करून विचारायचं रोज ठरवतो, आणि रोज राहून जातं.