हरकतदार

डिसेंबर १९४६. सातारा कॅम्पातल्या चर्चमध्ये त्या दुपारी आम्ही तिघंच होतो: मी, माझा जुना पट्टेवाला बिराप्पा आणि अर्जदार राहीबाई. जिल्हा न्यायालयातून निवृत्त झाल्यावर बिशपसाहेबांनी मला त्यांच्या धर्मन्यायालयाचा न्यायाधीश नेमलं. पदाचं नाव भारदस्त, चॅन्सेलर. काम वर्षाकाठी एखादं. पवित्र केलेल्या दफनभूमीतलं एक हाडही माझ्या हुकुमाशिवाय हलत नाही. बायको गेल्यापासून मी अशा एखाद्या कामाची वाटच बघत असायचो, हे कबूल करतो.

राहीबाईचा नवरा नानासो या चर्चचा राखणदार होता. त्याला जाऊन चार वर्षं झाली; इथल्याच दफनभूमीत त्याला पुरलं होतं. ती आता सांगलीला लेकीकडे राहायची.

"माजं काय आता खरं न्हाई, सायेब. त्यास्नी सांगलीला न्ह्यायचं हाय. शेजारीच माजीबी जागा धरून ठिवलीया."

नोटीस महिनाभर चर्चच्या दाराला लावलेली होती. हरकत कुणाचीच आली नव्हती. पाच मिनिटांचं काम. पण बिराप्पाला दिवाणी कोर्टाची तीस वर्षांची सवय. कागदावर दिसेल ते नाव तो पुकारत सुटला.

"नानासो शमुवेल हाजिर हाय का?"

"अरे, तो मयत आहे," मी वैतागून म्हणालो. पण पुकारा तीनदाच व्हायचा, ही त्याची शिस्त. तिसऱ्या हाकेला माझ्या खुर्चीमागून आवाज आला.

"हाय जी."

मागे नुसती भिंत होती.

बिराप्पाचं तोंड उघडंच राहिलं. राहीबाईने डोक्यावरचा पदर सावरला.

"हरकत आहे?" मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

"हाय. सायेब रोज सांजचं बाईसायबांच्या थडग्यापाशी बसत्यात. मी गेलो तर एकलं पडत्याल."

ज्या खटल्यात आपला स्वार्थ, तो न्यायाधीशाने चालवू नये. जन्मभर हेच सांगत आलो. कागद बिशपसाहेबांकडे परत पाठवायला हवा होता.

मी लिहिलं: हरकत मान्य, अर्ज नामंजूर. लाज वाटत होती, तरी लिहिलं.

"मग मी एकलीच तिकडं," राहीबाई एवढंच म्हणाली.

ती दारापर्यंत गेली. वळून माझ्या खांद्यामागे बघत राहिली.

"आवं, उभं नगा ऱ्हाऊ. गुडघं दुखत्यात तुमचं."

माझ्या शेजारची रिकामी वेताची खुर्ची करकरली आणि मधोमध थोडी खाली गेली.