आठशे मीटरचा गिलावा

बाबांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, आणि त्यातही त्यांचा जीव गिलाव्यात. भिंत पुरी झाली की उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात ते ओल्या सिमेंटवर अंगठा दाबत. अंगठ्यावर जुन्या जखमेची तिरकी रेघ आहे, तीही भिंतीत उमटे. आमच्या घरातल्या प्रत्येक खोलीत हा अंगठा सापडतो. काम पुरं झाल्याशिवाय मात्र तो कधीच लागला नाही, मालकाने कितीही घाई केली तरी.

माझी नोकरीही खडबडीतपणाचीच. उपग्रह बर्फाच्या पठारावर सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून मी बर्फ ओळखते. खडबडीत बर्फ लहरी चहूकडे उधळतो, त्यातल्या काही माघारी येतात, म्हणून चित्रात तो उजळ दिसतो. गुळगुळीत बर्फ त्यांना पुढच्या पुढे सटकवतो, म्हणून काळा. याची खातरजमा करायला माझा नवरा दरवर्षी त्या पठारावर जातो, बर्फात काळी फळी रोवतो आणि फोटो काढून पाठवतो. काळ्यावर बर्फाची पांढरी कड स्वच्छ दिसते, तिचे चढउतार मी मोजते. आठ वर्षं आमचा संसार या फळीवर छान चाललाय.

यंदा परतीच्या तोंडावर तिथे वादळ झालं. नंतरच्या फोटोंत फळी जवळजवळ बुडालेली होती. मैलोन्‌मैल गुडघाभर उंचीचे बर्फाचे वरंबे, त्यांवर विमान उतरणं अशक्य. दहा दिवसांत ते उतरलं नाही तर तिथला हिवाळा लागणार आणि मग आठ महिने विमान नाही. तंबूत नवऱ्यासकट चौघं होते, आणि डिझेल सहा आठवड्यांचं.

मी रोज चित्र उघडायचे. सगळं उजळ. तरी घरात मी हसून बोलत होते. बाबांपुढे ते नाटक टिकलं नाही.

"जावईबापूंचं काय झालं?" त्यांनी जेवताना विचारलं.

मी सगळं सांगितलं.

"सपाट जागा किती लांब लागते?"

"आठशे मीटर. रुंदी तीस."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "एकट्याला चार दिवस."

"बाबा, ते पृथ्वीच्या टोकाला आहेत."

"मी कुठे काय म्हणतोय? तू जेव."

दुसऱ्या दिवसापासून बाबा दुपारचे जरा जास्तच झोपू लागले. मी घरूनच काम करत होते. गॅलरीतल्या खुर्चीत ते झोपलेले असत आणि उजवा हात थापी धरल्यासारखा हवेत सावकाश अर्धगोल फिरत असे. जुनी सवय, मी म्हटलं. चाळीस वर्षं राबलेला हात असा स्वस्थ कसा बसेल? फक्त उठल्यावर, एवढ्या उकाड्यात, ते चहाचा कप दोन्ही हातांत घट्ट धरून बसत.

पहिले दोन दिवस उपग्रहाचं नवं चित्र आलं नाही. बाबांच्या या झोपेच्या तिसऱ्या दिवशी ते आलं आणि त्यात एक काळा पट्टा दिसला.

मी तीनदा गणित तपासलं. साहेबांना फोन केला.

"वारा इतका सरळ घासत नाही," ते म्हणाले. "यंत्राचा दोष असणार. खोडून टाका."

खोडणारच होते. पण त्याआधी मोजून पाहिला. रुंदी तीस मीटर. लांबी सहाशे.

तो तंबूपासून दोन किलोमीटरवर होता. मी नवऱ्याला फळी घेऊन तिकडे जायला सांगितलं. तीन तासांनी फोटो आला. काळ्या फळीवर पांढरी कड, पट्टीने आखल्यासारखी.

चौथ्या दिवशी पट्टा आठशे भरला. पाचव्या दिवशी विमान उतरलं.

त्या दुपारी बाबा झोपले तेव्हा दोन्ही हात मांडीवर होते.

नवरा घरी आला आणि मला आभाळ ठेंगणं झालं. तिघं जेवायला बसलो.

"तिथे एक पाऊलसुद्धा नव्हतं," तो म्हणाला. "नुसते अर्धगोल फराटे. एकात एक."

"थापी हलकी लागली," बाबा पुटपुटले आणि पाणी प्यायले.

माझा घास हातातच राहिला. "आणि कोपऱ्यात? उजव्या हाताला, खाली?"

"चारही कोपरे पाहिले. काही नव्हतं. का गं?"

"सहज," मी म्हटलं. अंगठा नाही, म्हणजे ते बाबा नव्हतेच. मला केवढं तरी हायसं वाटलं.

बाबा माझ्याकडे बघून हसले. काम मनासारखं झालं की ते असेच हसतात.

सकाळी अंघोळ करून नवरा पाठमोरा उभा राहिला. "जरा बघ गं. विमानात चढताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं. मागे कुणी नव्हतं. तेव्हापासून एवढीच जागा बधिर आहे."

उजवीकडे, कमरेच्या जरा वर, एक लांबट पांढरा डाग होता.

त्यात एक तिरकी रेघ.

डॉक्टर म्हणाले, थंडीने झालं असेल, जाईल. दोन महिने झाले. आम्ही मजेत आहोत. रात्री माझा हात त्याच्या पाठीवर असतो, आणि तेवढी जागा अजून गार लागते.